म्हणजे तसं मुलुंडच

नाहूरमध्ये घर घेताना पहिली अडचण ही येते की नाहूरमध्ये घर कोणी विकतच नाही. स्टेशनबाहेर उभे राहा आणि मान वर करा. टॉवर दिसतात, क्रेन दिसतात, हिरव्या जाळ्यांत गुंडाळलेले वीस-वीस मजले दिसतात, आणि त्या सगळ्यांवरच्या फलकांवर लिहिलेलं असतं ‘मुलुंड पश्चिम’. जरा दक्षिणेला सरकलात की भांडुप. लिंक रोडच्या कडेला असाल तर ‘गोरेगाव-मुलुंड लिंक रोड’, म्हणजे दोन्ही टोकांची नावं घेतली आणि ज्या मातीत पाया खणला तिचं राहून गेलं. एका चकचकीत माहितीपत्रकात मी ‘पवईच्या सान्निध्यात’ असंही वाचलं. नाहूरहून पवईला जाणाऱ्याला वाटेत अख्खं भांडुप आणि कांजूर लागतं, पण सान्निध्य ही शेवटी मानण्याची गोष्ट आहे.

यात बिल्डरांचा फार दोष नाही. नाहूरकडे न बघण्याची परंपरा जुनी आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली आगगाडी इथूनच गेली. थांबली नाही. नाहूरला लोकल थांबायला 2006 साल उजाडावं लागलं. दीडशेहून अधिक वर्षं ज्या गावाला रेल्वेने नुसतं खिडकीतून पाहिलं, त्याचं नाव वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरच्या जाहिरातीत कोण घालणार? आजही जलद गाडी थांबत नाही. धीमी थांबते, तीही कर्तव्य म्हणून.

आम्ही तोवर भाड्याने राहत होतो. मुंबईत भाडेकरूचं वर्ष अकरा महिन्यांचं असतं, त्यामुळे तो घरमालकापेक्षा लवकर म्हातारा होतो. आमच्या घरमालकीणबाईंचा फोन दहाव्या महिन्यात यायचा. आधी आमच्या तब्येतीची चौकशी, मग त्यांच्या गुडघ्यांची माहिती, आणि मग हळूच, “आमच्या मुलाचं लग्न ठरतंय हो, त्याला जागा लागेल.” हे लग्न दरवर्षी ठरायचं आणि भाडं दहा टक्क्यांनी वाढवून दिलं की मोडायचं. मुलगा चाळिशीला आला. एका बिचाऱ्याचा संसार आपण किती वर्षं अडवून धरायचा, असं हिलाच वाटलं असावं, कारण एका रात्री पानावर बसल्याबसल्या ती म्हणाली, “एवढ्या भाड्यात तर हप्ता बसतो.”

हे वाक्य मुंबईत सगळे म्हणतात. फक्त बँक म्हणत नाही.

आधी आम्ही मुलुंड पाहिलं. मग मुलुंडने आमचं बजेट पाहिलं. एजंटने माझा आकडा ऐकून घेतला, चहा मागवणार होता तो हात खाली घेतला, आणि धीर दिल्यासारखं म्हणाला, “साहेब, एक स्टेशन मागे या ना. नाहूर. म्हणजे तसं मुलुंडच.”

या एजंटसाहेबांचा आणि आमचा पुढे जो सहवास घडला तो माझ्या सख्ख्या भावाच्या वाट्यालाही कधी आला नाही. त्यांच्याकडे काळ आणि अंतर मोजण्याचं एकच माप होतं, दोन मिनिटं. स्टेशन दोन मिनिटं. शाळा दोन मिनिटं. हायवे दोन मिनिटं. ते स्वतः दोन मिनिटांत पोचतो म्हणायचे तेव्हा आम्ही जवळच्या हॉटेलात जाऊन साबुदाणा वडा खाऊन, हात धुऊन परत यायचो.

“स्टेशनपासून दोन मिनिटं म्हणजे चालत?” मी एकदा विचारलं.

“साहेब, तुम्ही फार निगेटिव्ह घेता.”

“आणि गोरेगाव वीस-पंचवीस मिनिटं म्हणालात ते?”

“ते बोगदा झाल्यावर.”

बोगदा खरा आहे, त्यात शंका नाही. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता 12.2 किलोमीटरचा. त्यातले 4.7 किलोमीटर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून, दोन जुळ्या बोगद्यांतून जाणार. जुलै 2024 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजनही झालं. पण आमच्या एजंटसाहेबांच्या डोक्यात तो खणून, दिवे लावून, टोलमुक्त होऊन वाहता झालेला होता. तीच गोष्ट मेट्रोची. वडाळ्याहून घाटकोपरमार्गे कासारवडवलीला जाणारी चौथी मार्गिका लाल बहादूर शास्त्री मार्गावरून जाते. तिचे खांब आम्ही इतकी वर्षं पाहतोय की काही खांबांशी ओळख झाली आहे. “मेट्रो आली की रेट बघा,” एजंट म्हणायचे, आणि मेट्रो आलीच आहे असं धरून रेट सांगायचे. महापालिकेने इथे पक्षी उद्यान जाहीर केलं तेव्हा तर न आलेल्या पोपटांचेही पैसे लागू झाले. नाहूरला जे आहे ते स्वस्त. महाग आहे ते जे येणार आहे. आम्ही भविष्यकाळ चौरस फुटाच्या भावाने घेत होतो.

घर पाहायला जायचं रविवारी, कारण नोकरदार माणसाला सवड तेव्हाच. रेल्वेलाही रुळांची दुरुस्ती करायला सवड तेव्हाच. मेगाब्लॉक असला आणि माटुंगा ते मुलुंड धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या की विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूर ही तीन स्थानकं त्या दिवसापुरती रेल्वेच्या नकाशातून उठतात. जलद मार्गावर त्यांना फलाटच नाहीत. तेव्हा ज्या वारी अख्खी मुंबई नाहूरला घर बघायला निघते, नेमक्या त्याच वारी नाहूर नसतं.

पहिल्या रविवारी आमची गाडी नाहूरवरून अशी धाडधाड गेली की 1853 सालची तरी जरा हळू गेली असेल. हिने खिडकीतून बोट दाखवलं. “ते बघ, तिथे कुठेतरी आपलं घर असणार.” मी वळेपर्यंत मुलुंड आलं होतं. मुलुंडला उतरून रिक्षा करायला गेलो. पहिला रिक्षावाला नाहूर म्हटल्यावर नुसता हसला. दुसऱ्याने “जवळचं भाडं नाही” म्हणून सांगितलं. तिसरा म्हणाला, “ठाणे असेल तर चला.” एवढ्यात एजंटांचा फोन. “कुठे आहात? चालत या ना. दोन मिनिटं.”

साइटवर पोचलो तेव्हा घामाने माझ्या शर्टावर मुंबईच्या सात बेटांचा नकाशा उमटला होता. तिथे मात्र वातानुकूलित काचमहाल. एका मुलीने आम्हाला लिंबाचं थंडगार सरबत दिलं, दुसरीने माझं नाव तीन वेळा चुकवून आदराने घेतलं, आणि तिसरीने टेबलावर ठेवलेल्या प्रतिकृतीवरचं बटण दाबलं. चिमुकल्या खिडक्यांतून दिवे लागले. चिमुकल्या तलावाकाठी चिमुकली माणसं उभी होती. सगळी गोरी, सडपातळ, आणि कुणाच्याही हातात भाजीची पिशवी नव्हती.

“सर, हा आपला इन्फिनिटी पूल. हे झेन गार्डन. हा रिफ्लेक्सॉलॉजी पाथ.”

“हे काय?”

“सर, गोटे असतात. त्यावरून अनवाणी चालायचं.”

ते आमच्या भाड्याच्या घरासमोरच्या रस्त्यावर गेली काही वर्षं महापालिका फुकट देत होती, पण मी गप्प बसलो.

मग सॅम्पल फ्लॅट. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांनी विज्ञानातला एक मोठा चमत्कार चुकवला, असं मी म्हणेन. आत सगळं आहे आणि तरीही जागा उरते. सोफा आहे, टीपॉय आहे, पलंग आहे, कोपऱ्यात गिटार आहे. मी बराच वेळ विचार केला, मग एकेक उलगडत गेलं. खोल्यांना दारंच नव्हती, म्हणजे दार उघडायला लागणारी जागा वाचली. एक भिंत आरशाची होती, त्यामुळे हॉल दुप्पट आणि आम्ही चौघं. कपाट नव्हतं. फ्रिज नव्हता. पाण्याचं पिंप, पंख्याखाली वाळत घातलेला टॉवेल, इस्त्रीचे कपडे, गहू भरलेली कोठी, पाहुण्यांच्या गाद्या, गणपतीच्या मखराचं थर्माकोल, यातलं काहीच नव्हतं. पलंगावर मी हळूच आडवा झालो. घोट्यापासून पुढचे पाय बाहेर आले.

“हा पलंग छोटा आहे का?”

“सर, हा इंटरनॅशनल साइझ आहे.”

जगभर माणसं माझ्यापेक्षा आखूड असतात हे मला तिथे कळलं.

बाल्कनीच्या जागी कापडावर छापलेला राष्ट्रीय उद्यानाचा देखावा लावला होता. हिरवे डोंगर, पांढरे ढग. उद्यान नाहूरच्या पश्चिमेला खरोखरच आहे. शंभराहून अधिक चौरस किलोमीटर जंगल, आत तुळशी आणि विहार तलाव, आणि बिबटे. बिबट्यांचा उल्लेख माहितीपत्रकात ‘समृद्ध जैवविविधता’ असा होता. हा देखावा वर जाल तसा महागतो. प्रत्येक मजल्यामागे चौरस फुटाला अमुक रुपये जास्त, त्याला फ्लोअर राइज म्हणतात. खालच्या मजल्यावरच्या माणसाला डोंगर दिसत नाही, वरच्याला दिसतो, आणि समोरच्या प्लॉटवर दुसरा टॉवर उभा राहिला की दोघंही पुन्हा समान पातळीवर येतात. लोकशाही म्हणायची ती हीच.

“समोर काही येणार नाही ना?” हिने विचारलं.

“मॅम, समोर ओपन आहे.”

समोर त्या क्षणी एक यंत्र खांब ठोकत होतं. त्या आवाजात ‘ओपन’ हा शब्द आम्हाला तिच्या ओठांवरून वाचावा लागला.

किमतीचा कागद हातात आला तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की घराची किंमत हा त्यातला किरकोळ भाग असतो. बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी, मग मुद्रांक शुल्क, नोंदणी, सोसायटी बनवण्याचा खर्च, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स, क्लब हाउसची वर्गणी. शेवटी एक ओळ ‘इतर’. त्या ‘इतर’मध्ये माझ्या वडिलांनी 1980 च्या दशकात गावी बांधलेलं आख्खं घर दोनदा बसलं असतं, विहिरीसकट. आम्ही दुसऱ्यांदा सरबत मागून घेतलं आणि निघालो.

मग ठरलं, रीसेल बघायचा. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं तयार घर. जीएसटी नाही, वाट पाहणं नाही, आणि दारं जागच्या जागी. याच सुमाराला साताऱ्याकडचे आमचे मामा आले. गावाकडे घर खणांत मोजतात, आणि मामांनी आयुष्यात पाच खणांच्या खाली कुणाला घर म्हटलेलं नाही. एजंटसाहेबांनी दार उघडलं. मामा आत गेले, मधोमध उभे राहिले, चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाले, “बरं आहे. आता घर दाखवा.”

“मामा, हेच घर.”

“ही देवडी झाली. पुढचं दाखवा.”

पुढे स्वयंपाकघर होतं. त्यापुढे खोली. त्यापुढे दुसरी बिल्डिंग. मामांनी खिडकीतून हात बाहेर काढला तर तो समोरच्यांच्या कढीपत्त्याला लागला. त्यांनी दोन पानं तोडून खिशात टाकली.

“एरिया किती म्हणालात?” मामांनी एजंटांना विचारलं.

“सहाशे.”

मामांनी पिशवीतून टेप काढला. शेतकरी माणूस मोजणीच्या बाबतीत तलाठ्यावरही विश्वास ठेवत नाही, तिथे एजंट कुठला. मी एक टोक धरलं, मामांनी दुसरं. भरले 398.

“दोनशे दोन कुठायत?” मामांनी विचारलं. आवाजात भाऊबंदकीचा पूर्वानुभव होता.

एजंटसाहेबांनी आम्हाला जिन्यात नेलं. मोठ्या मायेने त्यांनी लिफ्ट दाखवली, लॉबी दाखवली, पाण्याची टाकी, वॉचमनची केबिन दाखवली. या सगळ्यात आमचा वाटा होता. याला सुपर बिल्टअप म्हणतात. जिन्याच्या कोपऱ्यात कुणीतरी पान खाऊन नक्षी काढली होती, त्या कोपऱ्यातला सव्वा फूटही हिशेबाने आमचाच.

“हे आता कायद्याने चालत नाही,” मी म्हणालो. मी रात्र-रात्र वाचन करत होतो. महाराष्ट्रात मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा 1963 सालापासून आहे. मग केंद्राचा रेरा आला, 2016 चा. मे 2017 पासून महारेरा सुरू झालं. आता विकायचं ते चटईक्षेत्र. रेराची व्याख्या मी पाठ केली होती. बाहेरच्या भिंती सोडायच्या, बाल्कनी सोडायची, पण घरातल्या खोल्यांमधल्या भिंतींची जाडी धरायची.

“भिंतीखाली चटई कशी घालणार?” मामा म्हणाले. कायद्यावर इतकी नेमकी टीका मी उच्च न्यायालयाच्या निकालपत्रातही वाचलेली नाही.

“साहेब, कार्पेट 398 बरोबर आहे,” एजंट शरण येऊन म्हणाले. “पण आम्ही बोलताना सहाशे बोलतो. मार्केटमध्ये सगळेच बोलतात. तुम्ही 398 बोललात तर लोकांना 250 वाटेल.”

हा युक्तिवाद इतका खरा होता की मामांनी टेप मिटला.

पण 398 मध्येही एक भानगड निघालीच. इमारत 2008 ची. त्या काळी महापालिका फ्लॉवर बेड म्हणजे खिडकीबाहेरचे फुलांचे वाफे चटईक्षेत्र निर्देशांकात धरत नसे. मग मुंबईतल्या समस्त बिल्डरांच्या मनात एकाएकी फुलांविषयी अपार प्रेम दाटून आलं. हॉलला वाफा, बेडरूमला वाफा, काही ठिकाणी बाथरूमलाही वाफा. ताबा मिळाला की खिडकीची भिंत पाडायची, वाफा आत घ्यायचा, वर फरशी. 2012 च्या सुरुवातीला नियम बदलले, हे वाफे हिशेबात आले आणि त्या दिवशी शहरातली बागकामाची हौस संपली. हा लेख मी ज्या खुर्चीत बसून लिहितोय ती खुर्ची महापालिकेच्या मंजूर आराखड्यात शेवंती आहे.

घराचे मालक वयस्क जोडपं होतं. मुलाकडे पुण्याला निघालेलं. “आम्ही मुलुंड म्हणून घेतला होता,” आजोबा खिन्नपणे म्हणाले.

“मग विकताना नाहूर म्हणून द्या ना,” मी सुचवलं. रेटमध्ये फरक पडला असता.

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. वय झालं होतं, पण व्यवहार शाबूत होता. “छे हो. तसं मुलुंडच की.”

92 लाखांवर तुटलं.

पुढचा टप्पा सोसायटीच्या कमिटीचा. जिन्याखालच्या ऑफिसात सेक्रेटरी, खजिनदार आणि एक तिसरे गृहस्थ होते, जे शेवटपर्यंत काही बोलले नाहीत पण सगळ्यात जास्त लिहून घेत होते. माझ्या लग्नात मुलगा बघण्याच्या कार्यक्रमालासुद्धा इतके प्रश्न झाले नव्हते. घरी कोण कोण? पाहुणे किती येतात? म्हणजे राहायला की जेवायला? वाद्य वाजवता का? कुत्रा?

“नाही.”

“मांजर?”

“नाही.”

“गाडी?”

“नाही.”

इथे तिघंही थांबले. गाडी नसलेला माणूस 92 लाखांचा फ्लॅट घेतो म्हणजे काहीतरी लपवतोय. “पण मग पार्किंग?” खजिनदारांनी विचारलं. स्टिल्टमधलं पार्किंग बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगून ठेवलं आहे, तेव्हापासून वाटप सोसायटीच्या हातात. आणि वाटपाची यादी या इमारतीत भगवद्गीतेच्या खालोखाल मानली जात होती. मला पार्किंग नको, असं मी म्हणताच सेक्रेटरींचे डोळे पाणावले. त्यांच्या मुलाची दुसरी गाडी यायची होती. त्या क्षणापासून मी सोसायटीत लोकप्रिय झालो.

हस्तांतरण शुल्काची मर्यादा महापालिका क्षेत्रात 25,000 रुपये आहे. सोसायटीने कायदा तंतोतंत पाळला, पंचवीसच हजार घेतले. शिवाय रंगकामासाठी एक ऐच्छिक देणगी.

“ऐच्छिक म्हणजे किती?”

“ते सर्वसाधारण सभेत ठरलेलं आहे.”

बँकेचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्या आठवणीने अजून सही बिघडते. सही कितीतरी ठिकाणी करायची होती, आणि शेवटच्या पानापर्यंत पोचेस्तोवर ती दुसऱ्याच कुणाची तरी झाली होती. साहेबांनी पहिलं आणि शेवटचं पान शेजारी ठेवून विचारलं, “हे दोघे भाऊ आहेत का?” मूल्यांकन करायला आलेल्या माणसाने घर मोजलं, शेवंती वगळून. वीस वर्षांची मुदत मिळाली. निवृत्ती तेरा वर्षांवर. मधल्या सात वर्षांचं काय, असं मीच विचारलं. साहेबांनी आमच्या सातवीतल्या मुलाकडे अशा नजरेने बघितलं की पोरगं त्या रात्री स्वतःहून गणितं करायला बसलं.

मग मुद्रांक शुल्क. मुंबईत सहा टक्के. पण घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत. ती एप्रिल 2021 पासून लागू झाली. आधी त्याला अशी अट होती की ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. 2023 मध्ये ती अट काढली. 92 लाखांवर एक टक्का म्हणजे 92,000. आमच्या घरात ‘प्रेम की 92,000’ असा प्रश्न याआधी कधी उभा राहिला नव्हता. उभा राहिला आणि पाचच मिनिटांत निकाली निघाला. घर हिच्या नावावर. कर्ज मात्र दोघांच्या, कारण हिच्या एकटीच्या पगारावर बँक तेवढं देईना. सीए असलेल्या मेहुण्याने समजावून सांगितलं, “म्हणजे बघा, हप्ता तुम्ही भरायचा, पण मालकी नसल्यामुळे करात सूट तुम्हाला नाही.”

“मग मला काय?”

“तुम्हाला राहता येईल.”

नोंदणी कार्यालयात गर्दी म्हणजे नाहूरहून सुटणारी सकाळची लोकल बरी. आमचा टोकन क्रमांक पुकारला तेव्हा सर्व्हर बसला. सर्व्हर उठला तेव्हा जेवणाची सुट्टी झाली. घर विकणाऱ्या आजोबांच्या अंगठ्याचा ठसा यंत्राला उमटेना. डावा, उजवा, पुसून, फुंकर मारून, तेल लावून, सगळं झालं. “कष्टाचे हात आहेत, रेषा झिजल्यात,” आजी अभिमानाने म्हणाल्या. आजोबांनी चाळीस वर्षं हिशेबनीस म्हणून काढली होती, पण आम्ही कोणी मध्ये बोललो नाही. फोटो काढताना हिला कारकून म्हणाला, “मॅडम, हसू नका.” 92 लाख देऊन झाल्यावर हसणारी पहिलीच व्यक्ती त्याने पाहिली असावी. पण घर तिचं होतं, तिला हसू येणारच.

आणि मी? मी खरेदी घेणारा नव्हतो. विकणारा तर नव्हतोच. दस्ताच्या शेवटच्या पानावर ‘खालील इसम’ असा एक रकाना असतो. हे इसम दस्त करणाऱ्यांना व्यक्तिशः ओळखतात, असं ते लिहून देतात. ऐनवेळी एक साक्षीदार मेगाब्लॉक नसतानाही आला नाही, म्हणून एजंटांनी मला पुढे ढकललं.

“तुम्ही यांना ओळखता?” कारकुनाने हिच्याकडे बोट करून विचारलं.

मी जरा विचार केला. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, पण एकदम सरकारी कागदावर असं लिहून द्यायचं म्हणजे जबाबदारीचं काम.

“ओळखतात ओळखतात,” एजंटसाहेब म्हणाले, आणि माझा अंगठा यंत्रावर दाबला. माझा पहिल्या झटक्यात उमटला.

आता आम्ही राहायला येऊन स्थिरावलो आहोत. म्हणजे कपाट अजून जिन्याच्या वळणावर अडकलेलं आहे, पण सुपर बिल्टअपच्या हिशेबाने ते घरातच आहे. समोरच्यांच्या कढीपत्त्यावर आमची आमटी चालते. त्यांना आमचा वायफाय लागतो. सकाळी स्टेशनला जायला मला सतरा मिनिटं लागतात, पण मी सावकाश चालतो असं हिचं मत आहे.

परवा दुपारी फोन वाजला. एजंटसाहेब.

“साहेब, पार्टी आहे. अर्जंट. तुमच्या बिल्डिंगमध्येच पाहिजे. विकायचाय का? चांगला भाव काढून देतो.”

“मालकीणबाईंना विचारावं लागेल,” मी म्हणालो आणि फोन तिच्याकडे दिला.

ती शेवंतीवर बसली. पदर सारखा केला. पलीकडून बहुधा पार्टीच बोलत असावी.

“हो, वन बीएचके,” ती म्हणाली. “एरिया? सहाशे. नाही नाही, व्ह्यू एकदम ओपन.” समोरच्यांनी त्याच वेळी आमच्या नाकासमोर चादर झटकली. “स्टेशन ना? दोन मिनिटं.”

मग तिने फोनवर तळहात ठेवला आणि दबक्या आवाजात मला विचारलं, “रेट बोगद्याच्या आधीचा सांगू की नंतरचा?”